अण्णांची काळी दोन

आमच्या घरात 'पट्टी' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा तरी यायचा आणि प्रत्येकाच्या तोंडी तो वेगळा असायचा. माझे वडील, म्हणजे अण्णा, शिंपीकाम करायचे. बंगळूरच्या जुन्या पेठेत रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. त्यांची पट्टी म्हणजे सदऱ्याची बटणपट्टी. ती केसभर वाकडी गेली तरी गिऱ्हाईक समोर उभं असताना ते सगळी शिवण उसवायचे. आईची पट्टी म्हणजे जुन्या धोतराची फाडलेली चिंधी, भाजलं-कापलं की बांधायची. संध्याकाळच्या मराठी शिकवणीला मास्तरांची पट्टी हातावर बसायची. कानडी शाळेत मात्र पट्टी म्हणजे यादी. पहिले काही दिवस बाईंनी 'पट्टी' म्हटलं की मी हात पाठीमागे लपवायचे, आणि त्या बिचाऱ्या नुसती हजेरी घ्यायला बसलेल्या असायच्या.

पुढे मी यशवंतपूरच्या मार्केट यार्डात एका कांद्याच्या अडत्याकडे कारकून म्हणून लागले. तिथली पट्टी म्हणजे माल विकला गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद. नगर-नाशिककडून ट्रकमधून आलेली माणसं पायरीवर चहा पीत तिची वाट बघायची. मराठी येतं म्हणून ती लिहायचं काम माझ्याकडे. ब्याण्णव-त्र्याण्णवचा सुमार होता, मी अठ्ठावीस वर्षांची होते, लग्नाचं जमत नव्हतं आणि माझा आवाज कायम वरच्या पट्टीत असायचा. हाही त्या शब्दाचा एक अर्थ, आणि तो मला उद्देशून जास्त वापरला जायचा.

पण घरात सगळ्यात मान होता तो पेटीतल्या पट्टीला. गाणारा आपला सा पेटीच्या ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, असं जितकं पुढे जावं तितका आवाज उंच. अण्णांची काळी दोन. आमच्या भिंतीपलीकडे वीणा शिकवणाऱ्या एक कानडी अक्का राहायच्या. त्यांना मी एकदा हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नम्मल्ली इदक्के मने अंतारे." आमच्याकडे याला घर म्हणतात. अण्णांना हे फार आवडलं. "बरोबरच आहे," ते म्हणाले, "माणसानं आपल्या घरातच गावं."

दर गुरुवारी पेठेतल्या दत्ताच्या देवळात आमच्या मराठी लोकांचं भजन असायचं. तीन-चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेली घरं. घरात निम्मं कानडी बोलायची, पण देवासमोर मराठीच. त्या भजनात माणसं पट्टीनं ओळखली जायची. बांगड्यांच्या दुकानवाले पांढरी एक, भांडीवाले काळी एक. गायला बसताना गाणाऱ्यानं स्वतः पुढे वाकून पेटीच्या आपल्या पट्टीवर बोट ठेवायचं, मग पेटीवाल्यानं सूर धरायचा, अशी रीत होती. आणि आणखी एक रीत होती. भजनाच्या शेवटची भैरवी, जुन्या मंडळींत ज्याची पट्टी सगळ्यात उंच, त्यानंच म्हणायची. ज्या दिवशी तो आपलं बोट एक पट्टी खाली ठेवील त्या दिवशी भैरवी दुसऱ्याची. कुणी काही बोलायचं नाही, बोट सरकलेलं सगळ्यांना दिसायचं.

अण्णांकडे भैरवी तीस वर्षं होती. ते पट्टीचे गवई होते असं मी लेक म्हणून सांगत नाही, चार लोक सांगायचे. दिवसभर दुकानात मान खाली घालून गिऱ्हाइकांचं ऐकून घेणारा माणूस. मापं घेताना गुडघ्यावर बसणारा. गुरुवारी तोच माणूस पाठ ताठ करून बसायचा आणि वरचा सा लावायचा, तेव्हा ज्यांनी सकाळी त्यांना 'बाही आखूड झाली' म्हणून सुनावलं असेल तेच डोळे मिटून डोलायचे. अण्णांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती. पेटी मी वाजवायचे. अण्णांनीच शिकवली होती, आणि शिकवताना टपल्या मारल्या होत्या त्याही लक्षात आहेत.

एका गुरुवारी भैरवीत वरचा सा फाटला. अण्णा खोकले, उदाच्या धुरावर ढकललं आणि तो भाग खालून म्हणून वेळ निभावली. पुढच्या गुरुवारी पुन्हा फाटला. तेव्हा ते साठीच्या पुढे गेले होते. घरी येऊन जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "आता दुसऱ्या कुणाला देऊन टाकावी." एवढं बोलून मशीनशी जाऊन बसले, आणि शिवायला काही नसताना उगाच तेल घालत राहिले. मला त्यांची दया आली, आणि मला दया आली की राग येतो. म्हातारपण काय ह्यांनाच आलंय का, एक पट्टी खाली गायलं तर आकाश कोसळतं का, असं मी आईपाशी पुष्कळ बडबडले. पण अण्णांना ते सांगायची माझी छाती नव्हती.

नेमकी त्याच महिन्यात देवळाची जुनी पेटी फाटक्या भात्यामुळे निकामी झाली आणि बळेपेटेतल्या वाद्यांच्या दुकानातून नवी आणली. ती स्केलचेंजर होती. तिच्या कडेला एक खटका असतो. तो दाबला की वरच्या सगळ्या पट्ट्या एकत्र उचलून एक एक घर बाजूला सरकवता येतात. म्हणजे बोट ठेवायचं त्याच पट्टीवर, पण सूर निघायचा खालचा. दुकानदारानं मला ते दाखवलं तेव्हा तो मोठ्या कौतुकानं दाखवत होता. माझ्या डोक्यात मात्र भलतंच शिजायला लागलं.

पुढच्या गुरुवारी मी यार्डातून थेट देवळात गेले, सगळ्यांच्या आधी. सतरंजी घातली, समया पुसल्या आणि पट्ट्या एक घर खाली सरकवून ठेवल्या. त्यानं बाकीच्यांचेही सूर एक घर उतरणार होते, पण खाली गाणं कुणालाच जड जात नाही. अण्णा आले, वाकले, काळी दोनवर बोट ठेवलं. मी सूर धरला. तो काळी दोनचा नव्हता, पांढरी दोनचा होता. तबल्यावर एक म्हातारे मामा असायचे, नात्याचे नव्हेत, सगळ्या पेठेचेच मामा. ते हातोडीनं तबला लावू लागले. तबला दरवेळेपेक्षा ढिला करावा लागला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. त्यांनी मुकाट्यानं गट्टे ठोकले. त्या दिवशी भैरवीचा वरचा सा लागला, आणि घरी आल्यावर अण्णांनी दोनदा भात घेतला.

पुढच्या वर्षी मी आणखी एक घर सरकवलं. आता अण्णा बोट काळी दोनवर ठेवायचे आणि गायचे काळी एकमध्ये. असं दोन वर्षं चाललं. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. यार्डात दिवसभर लोकांचे कागद लिहिणारी मी, एक गोष्ट अशी करत होते जी माझ्याशिवाय कुणाला जमली नसती. मामांना ठाऊक होतं, पण ते बोलणाऱ्यांतले नव्हते. अण्णांना काही कळलं नाही असं मी धरून चालले. ज्या माणसाला मशीनच्या आवाजावरून सुई बोथट झालेली कळते त्याला स्वतःच्या गळ्यातला फरक कळणार नाही, हे मी कसं काय मानलं कुणास ठाऊक. मला ते मानायचं होतं.

मग पुण्याकडची नवीन मंडळी येऊ लागली. कंप्युटरच्या कंपन्यांत नोकरीला आलेली, लांब मारतहळ्ळीच्या बाजूला राहणारी. दोन बस बदलून ती गुरुवारी देवळात यायची, मराठी ऐकायला मिळतं म्हणून. त्यातला एक तरुण मुलगा रीतसर गाणं शिकलेला होता. अतिशय सालस. अण्णांच्या पाया पडायचा, त्यांना 'काका' म्हणायचा आणि म्हणायचा, "काका, ह्या वयात काळी दोन म्हणजे अमेझिंग आहे हं." अण्णा लहान मुलासारखे लाजायचे. मला तो मुलगा आवडत नव्हता. चांगलं बोलणाऱ्या माणसांचा मला का कोण जाणे संशय येतो.

त्या वर्षीच्या दत्तजयंतीला देऊळ माणसांनी भरून गेलं होतं. पेठेतली सगळी घरं, पुण्याची मंडळी, भिंतीपलीकडच्या वीणेवाल्या अक्कासुद्धा. यार्डात त्या दिवशी कांद्याच्या ट्रकांची रीघ लागलेली, मी सकाळपासून उभी होते, पाय आणि डोकं दोन्ही ठणकत होतं. जन्म झाला, पाळणा झाला, एकेकाची भजनं झाली. आता भैरवी. अण्णांनी वाकून बोट ठेवलं. तेवढ्यात त्या मुलानं पिशवीतून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची छोटी पेटी काढली. ही इथेच आपल्या बंगळूरात बनते, आजच घेतली, खास काकांच्या भैरवीसाठी, असं सांगत त्यानं बटण फिरवून काळी दोन लावली आणि ती अण्णांच्या शेजारी ठेवली.

मी सूर धरला आणि दोन्ही सूर एकमेकांच्या अंगावर गेले. ज्यांना गाण्यातलं काही कळत नव्हतं त्यांचेही चेहरे वाकडे झाले. मुलगा गोंधळला. त्यानं बटण फिरवून फिरवून बघितलं, कान लावला आणि निरागसपणे म्हणाला, "काका, ह्याची ट्यूनिंग बरोबर आहे. तुमची पेटी उतरलीय. चांगली दोन घरं."

मी काही बोलणार इतक्यात अण्णा माझ्यावर गरजले, "पेटीला काय धाड भरलीय? ही पोरगी कच्ची आहे! इतकी वर्षं शिकवली, अजून काळी दोन कुठे आहे ते दिसत नाही हिला. हात काढ. काढ तो हात! दे, मी धरतो."

शंभर-दीडशे माणसांसमोर. ज्यांच्यासाठी मी दोन वर्षं सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी घालत होते, ते म्हणत होते मी कच्ची आहे. माझा तोल गेला. आजही ते शब्द आठवले की मला स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

"मी कच्ची नाही, अण्णा," मी म्हणाले. ओरडलेच. "ही काळी दोन नाहीच आहे. दोन वर्षं झाली, मी दर गुरुवारी आधी येऊन पेटी खाली सरकवून ठेवते. तुमच्याच्यानं काळी दोन होत नाही आता. तुम्ही काळी एकमध्ये गाताय!"

कुणीतरी झांज खाली ठेवली, त्याचा आवाज ऐकू आला. मामांनी तबल्यावर दोन्ही हात सपाट ठेवले होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. ते पेटीवर ठेवलेल्या आपल्याच बोटाकडे बघत होते. मग त्यांनी ते उचललं, धोतराला पुसलं आणि त्या मुलाला म्हणाले, "तुम्ही घ्या भैरवी."

तो बिचारा नको नको म्हणत होता. जुनी मंडळी खाली बघत होती, कुणी मध्ये पडलं नाही. शेवटी त्याला बसवलं. त्याची पट्टी काळी एक, म्हणजे पेटी जिथे होती तीच. मला काही सरकवावं लागलं नाही. मुलगा चांगला गायला. अण्णा शेजारी बसून मांडीवर ताल धरत होते. एकदा त्याची सम चुकली तेव्हा त्यांनी हात जरा जोरात आपटून त्याला जागेवर आणलं.

घरी जाताना अण्णा पुढे आणि मी मागे. कोपऱ्यावरचं दूधवाल्याचं दुकान उघडं दिसलं तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "दही संपलंय ना? सरी, बरं तर, घेऊन टाकू." दही घेतलं. भांडं मी धरलं.

मला वाटलं होतं ते भांडतील. मी भांडायच्या तयारीनंच बसले होते. काय काय बोलायचं ते मनात रचून ठेवलं होतं. पण ते काही बोललेच नाहीत. पुढच्या गुरुवारी नेहमीसारखे देवळात आले आणि मागच्या खांबाशी बसले. बोलावलं तर म्हणाले, "आज घसा बरा नाही." त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. त्यानंतर कुणी बोलावलं नाही.

तीनेक आठवड्यांनी मामांनी मला भजन सुटल्यावर थांबवलं. "स्वल्प बस," म्हणाले. मी बसले. तबल्यावर खोळ चढवता चढवता ते सांगू लागले.

"अण्णाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या गुरुवारी तू घरी गेलीस, आणि तो मागे राहिला माझ्याबरोबर. मला म्हणाला, पोरीनं पेटी सरकवलीय. मी म्हटलं, होय, बोलू काय तिला? तर म्हणाला, नको. तिला वाटतंय मला समजलं नाही, तसंच राहू दे. मेलेल्या आवाजाला माझी पोरगी पांघरूण घालतेय, म्हणाला. रडला होता तो, इथे, ह्या पायरीवर."

मी विचारलं, मग त्या दिवशी मला सगळ्यांसमोर कच्ची का म्हणाले?

मामांनी खोळीची नाडी आवळली. "अगं, त्या पुण्याच्या पोरानं पकडलंच होतं ना? लोक आता पेटी उघडून बघणार, खटका बघणार, पोरीनं फसवणूक केली म्हणणार. म्हणून तुझ्यावर घातलं त्यानं. पोरगी कच्ची आहे म्हटलं की विषय संपला. स्वतः पेटी धरतो म्हणाला, ते हळूच सरकवून घ्यायला. वर चढवून गाणार होता तो, काळी दोनमध्ये. फाटला असता तर फाटला असता. तुझं नाव आलं नसतं."

मी इतकी वर्षं अण्णांचा हात पेटीवर बघत आले होते, आणि त्या एका संध्याकाळी 'दे, मी धरतो' म्हणत पुढे आलेला त्यांचा हात मला दिसला नाही. मला फक्त मी दिसले, कच्ची म्हटलेली.

मी त्याच दिवशी घरी जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले. माफी मागायची म्हणजे त्यांना ठाऊक होतं हे मला ठाऊक आहे असं सांगायचं, आणि ते सांगितलं की त्यांच्याजवळ उरलेलं शेवटचं गुपितही काढून घेतल्यासारखं होईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. उलट मी नको त्या गोष्टी केल्या. जमवलेल्या पैशांतून घरी एक लहान पेटी आणली आणि त्यांच्यासमोर ठेवून म्हटलं, इथे कोण आहे ऐकायला, म्हणा काहीतरी. त्यांनी पेटीवरची धूळ आपल्या पंच्यानं पुसली, भाता हलवून बघितला, "छान आहे गं," म्हणाले, आणि काज करायला बसले. पेटी तशीच राहिली.

चार वर्षांनी त्यांना दम्यानं धरलं. शेवटच्या दिवसांत ते उशांना टेकून बसलेले असायचे. एका दुपारी आई देवळात गेली होती. मी त्यांना पेज भरवत होते. भरवता भरवता मला एकदम असह्य झालं आणि मी म्हटलं, "अण्णा, त्या दत्तजयंतीला मी बोलले ते... मामांनी सांगितलं मला सगळं. माझं चुकलं. मी तसं बोलायला नको होतं."

त्यांनी घास गिळला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातला चमचा खाली ठेवायला लावला आणि माझं मनगट धरलं.

"तू खोटं कुठे बोललीस?" ते म्हणाले. मध्ये श्वास घ्यायला थांबले. "फक्त माणसं फार होती गं."